सायकलची चिठ्ठी लिहून देणारे हृदयतज्ज्ञ

२४ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सुटीसाठी डेन्व्हर शहरात सासुरवाडीला मुक्कामाला होते. आदल्या दिवशी ते गोल्फ खेळले होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांच्या छातीत दुखू लागले. आधी ते अपचन वाटले. दुपारी कार्डिओग्राम काढला तेव्हा तो हृदयविकाराचा झटका असल्याचे स्पष्ट झाले. तो शनिवार होता. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि एका दिवसात साडेसहा टक्क्यांनी कोसळला. हृदयविकाराचा झटका म्हणजे माणूस संपला, वाचला तरी कायमचा अधू झाला, असेच तेव्हा सर्वांना वाटे.

त्याच सोमवारी बॉस्टनहून आलेले एक सडपातळ, चष्मा लावलेले ६९ वर्षांचे डॉक्टर पत्रकारांसमोर उभे राहिले. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी कशी बंद होते, त्यामुळे हृदयाच्या स्नायूचा तुकडा कसा मरतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे भक्कम व्रण कसा तयार होतो, हे त्यांनी शाळेतल्या मास्तरांसारखे समजावून सांगितले. अध्यक्षांना शौचाला साफ झाली, हेसुद्धा त्यांनी सांगून टाकले. काहींना ते फार अप्रशस्त वाटले. पण या आजाराबद्दल आपल्याशी कुणीतरी सरळ बोलते आहे, असे लाखो लोकांना प्रथमच जाणवले. हे डॉक्टर होते पॉल डडली व्हाइट. आपल्या रुग्णांना आणि पुढे सगळ्या देशाला त्यांनी जे औषध सुचवले, त्यात सायकल फार वरच्या जागी होती.

पॉल व्हाइट यांचा जन्म ६ जून १८८६ रोजी बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात झाला. वडील त्याच भागातले घरगुती डॉक्टर. घोडागाडीतून ते रुग्णांच्या घरी जात आणि लहानगा पॉल कधीकधी शेजारी बसून जाई. पॉलच्या बालपणीच अमेरिकेत सायकलची पहिली मोठी लाट आली. बॉस्टन हे त्या लाटेचे एक केंद्र होते. अमेरिकेतला पहिला सायकल क्लब १८७८ मध्ये याच शहरात निघाला होता. पुढे मोटारी आल्या आणि मोठ्यांची ही सवारी हळूहळू मुलांचे खेळणे होऊन बसली. हा बदल व्हाइट यांच्या डोळ्यांदेखत झाला.

व्हाइट यांच्या घरात आणखी एक गोष्ट घडली. त्यांची धाकटी बहीण संधिवाताच्या तापाने हृदय निकामी होऊन लहान वयातच गेली. वडील स्वतः डॉक्टर असूनही काही करू शकले नाहीत. हृदयाच्या आजाराकडे वळण्यामागे हे दुःख होते.

हार्वर्डमधून १९११ मध्ये ते डॉक्टर झाले आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. हृदयरोग ही वेगळी शाखा तेव्हा नव्हतीच. १९१३ मध्ये ते लंडनला डॉ. थॉमस लुईस यांच्याकडे शिकायला गेले. हृदयातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह कागदावर उमटवणारे यंत्र तेव्हा नवे होते आणि लुईस हे त्या विद्येतले मोठे नाव होते. त्या वेळी रुग्णाला मिठाच्या पाण्याच्या भांड्यात हातपाय बुडवून बसावे लागे. असे एक यंत्र घेऊन व्हाइट १९१४ मध्ये बॉस्टनला परतले. हॉस्पिटलमधल्या काही सहकाऱ्यांना हा तरुण एका खुळापायी स्वतःचे नुकसान करून घेतो आहे, असे वाटले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लष्करी इस्पितळात होते. युद्ध संपल्यावर ते ग्रीसमध्ये टायफसच्या साथीत रेडक्रॉसबरोबर राबले. परत आल्यावर मात्र त्यांनी हृदयरोग सोडला नाही. १९२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन स्थापन करणाऱ्यांत ते एक होते. १९३१ मध्ये हृदयरोगावरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

त्याच सुमारास त्यांच्याकडे व्यायामशाळेत शिकवणारे एक तरुण शिक्षक आले. त्यांचे हृदय मधूनच फार वेगाने धडधडे. कार्डिओग्राम विचित्र होता, पण व्यायामानंतर तोच आलेख नेहमीसारखा दिसे. अशा ११ रुग्णांची नोंद व्हाइट यांनी लुई वुल्फ आणि लंडनचे जॉन पार्किन्सन यांच्यासह १९३० मध्ये प्रसिद्ध केली. आजही हा विकार या तिघांच्या नावाने ओळखला जातो. व्हाइट यांना यातून एक गोष्ट शिकायला मिळाली. कागदावर वेडेवाकडे दिसणारे प्रत्येक हृदय आजारी असेलच असे नाही आणि प्रत्येकाला खाटेवर झोपवण्याचीही गरज नाही.

हे तेव्हाच्या रीतीच्या विरुद्ध होते. झटका आलेल्या रुग्णाला किमान सहा आठवडे खाटेवर झोपवून ठेवत. कूस बदलायची ती नर्सने, घास भरवायचा तोही नर्सने. घरी गेल्यावर जिना बंद, फिरणे बंद, कित्येकांची नोकरीही बंद. १९३९ मध्ये व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ मृत रुग्णांची हृदये तपासून जखम कशी भरत जाते याचा आढावा घेतला. लहान जखम साधारण पाच आठवड्यांत आणि मोठी दोन महिन्यांत व्रण धरते, असे त्यांना दिसले. म्हणजे सुरुवातीची विश्रांती योग्यच, पण जन्मभराची विश्रांती निरर्थक. अंथरुणात पडून राहिल्याने पायांतल्या नसांत रक्ताच्या गाठी होतात, स्नायू वाळतात आणि मन खचते, हे ते वारंवार सांगत. आयझेनहॉवर यांनाही याच विचाराने आधी खुर्चीत बसवले, मग चालवले. सात आठवड्यांनी ते इस्पितळातून बाहेर पडले, पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले.

व्यायामाने हृदय झिजते ही समजूतही तेव्हा पक्की होती. धावण्याच्या शर्यतींचा ताण हृदयाला कायमचा मोठे आणि दुबळे करतो, असे अनेक डॉक्टर मानत. क्लॅरेन्स डीमार नावाच्या धावपटूला याच कारणाने डॉक्टरांनी धावणे सोडायला सांगितले होते. छातीला नळी लावल्यावर त्याच्या हृदयातून वेगळा आवाज येत होता. डीमारने ऐकले नाही. त्याने १९११ ते १९३० या काळात बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकली आणि साठी उलटून गेल्यावरही तो शर्यतींत उतरत राहिला. १९५८ मध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले. व्हाइट आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. डीमारच्या हृदयाच्या धमन्या नेहमीच्या माणसापेक्षा दोन ते तीन पट रुंद होत्या. एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे व्हाइट जाणून होते. पण अर्धशतक धावलेले हृदय झिजून गेले नव्हते, एवढे तर सर्वांना दिसले.

मोठ्या संख्येचा पुरावा अटलांटिकच्या पलीकडे तयार होत होता. लंडनमधले डॉ. जेरी मॉरिस यांनी शहराच्या वाहतूक सेवेतल्या ३१ हजार पुरुषांच्या नोंदी तपासल्या. दिवसभर बसून दुमजली बस हाकणारे ड्रायव्हर आणि त्याच बसच्या जिन्यावरून दिवसातून शेकडो पायऱ्या चढणारे कंडक्टर, यांची त्यांनी तुलना केली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झालाच तरी त्यात लगेच दगावण्याचे प्रमाणही कमी होते. हा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य राखण्यासाठी खेळाडू असण्याची गरज नाही. रोजच्या कामातच हालचाल असेल तर तीही पुरते.

व्हाइट यांचा सायकलवरचा भर इथेच समजतो. ते स्वतः लाकडे फोडत, मैलोगणती चालत, जिने चढत आणि सायकल चालवत. सायकलची खुबी अशी की शरीराचे वजन बैठक पेलते, त्यामुळे गुडघ्यांना धावण्यासारखे धक्के बसत नाहीत. काम करतात ते मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू. पायांतले रक्त वर हृदयाकडे चढवताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबून पंपासारखे काम करतात. खुर्चीत तासन्‌तास बसलेल्या माणसाचा हा पंप बंद पडलेला असतो. नियमित सायकल चालवणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, म्हणून विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. कामावर जायचेच असते, ते सायकलने जायचे.

पण जायचे कुठून? या प्रश्नावर येऊन व्हाइट अडले आणि त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग या प्रश्नाशी झगडण्यात गेला. १९५१ मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स नदीकाठच्या बागेतून स्टोरो ड्राइव्ह हा मोटारींचा वेगवान रस्ता काढण्यात आला. ज्या काठाने माणसे फिरत, तिथे मोटारींची रांग लागली. देशभर हेच चालले होते. २९ जून १९५६ रोजी अमेरिकेत सुमारे ६६ हजार किलोमीटर महामार्गांचे जाळे विणण्याचा कायदा झाला. त्यावर सही केली ती अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी, तीही इस्पितळातून. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते तेव्हा तिथे बरे होत होते. व्हाइट यांनी ज्यांना हिंडते-फिरते राहण्याचा सल्ला दिला, त्याच रुग्णाच्या सहीने देश मोटारीच्या आसनावर आणखी पक्का बसला. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. त्या काळी रुंद रस्ता म्हणजेच प्रगती होती.

व्हाइट यांच्यापुढची अडचण साधी होती. दवाखान्यात बसून ते रुग्णाला सायकल चालवायला सांगत. रुग्ण बाहेर पडून रस्त्याकडे पाही आणि मोटारीत बसे. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नव्हता. ज्या रस्त्यावर जीव जाण्याची भीती आहे, त्यावर प्रकृती सुधारायला कोण जाईल? म्हणून व्हाइट केवळ रुग्णांशी बोलून थांबले नाहीत. सायकलींसाठी वेगळ्या वाटा हव्यात, हा मुद्दा ते भाषणांतून, लेखांतून आणि नेत्यांच्या भेटींत मांडत राहिले. अध्यक्षांचे डॉक्टर म्हणून त्यांना घरोघरी ओळखत आणि ही ओळख त्यांनी मनसोक्त वापरली. सत्तरी ओलांडलेले हे नामवंत डॉक्टर सूट-टाय घालून सायकलवर बसत आणि छायाचित्रकार धावत येत. मोठ्या माणसाने सायकल चालवण्यात कमीपणा नाही, हे सांगायला त्या काळी याहून परिणामकारक साधन नव्हते.

हृदयरोग हा केवळ नशिबाचा भाग नाही, तो टाळता येतो, हे त्यांचे सूत्र होते. त्यासाठी ते सतत फिरत राहिले. आहारतज्ज्ञ अँसेल कीज यांच्याबरोबर ते इटली आणि ग्रीसमध्ये गेले आणि डोंगरउतारावर आयुष्यभर राबणाऱ्या शेतकऱ्यांची हृदये त्यांनी तपासली. १९७१ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी, ते चीनला गेले. बीजिंगच्या रस्त्यांवर तेव्हा मोटारी तुरळक आणि सायकली अगणित होत्या.

भारताशीही त्यांचा धागा जुळलेला आहे. डॉ. एस. पद्मावती या भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. १९५२ मध्ये त्या हार्वर्डमध्ये व्हाइट यांच्याकडे शिकत होत्या. परत येऊन त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात हृदयरोगाचा दवाखाना उभारला आणि १९६२ मध्ये ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन स्थापन केले. १९६६ ची जागतिक हृदयरोग परिषद दिल्लीत भरली, त्यामागे त्यांचे मोठे श्रम होते. त्या १०३ वर्षे जगल्या आणि उतारवयातही रुग्ण तपासत होत्या.

व्हाइट यांच्या हयातीत सायकल आणि हृदय यांच्या नात्याबद्दलचा पुरावा अपुरा होता. ते बरेचसे अनुभवावर आणि शरीरशास्त्राच्या तर्कावर बोलत होते. पुढे आकडे आले. कोपनहेगनमधल्या सुमारे ३० हजार लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २००० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त निघाले. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार ४६ टक्क्यांनी कमी दिसले. मुळात धडधाकट माणसेच सायकल निवडतात, ही शंका अशा अभ्यासांत पूर्णपणे फिटत नाही. धूम्रपान, आहार, वय यांचा हिशेब वजा करूनही एवढा फरक उरतो, हे मात्र लक्षात घ्यायला हवे.

वाटांबद्दलचे त्यांचे म्हणणेही खरे ठरले. स्पेनमधले सेव्हिल हे उन्हाने तापणारे, सायकलची परंपरा नसलेले शहर. २००६ ते २०१० या काळात तिथे मोटारींपासून कठड्याने वेगळ्या केलेल्या सायकलवाटांचे सलग जाळे झपाट्याने बांधले गेले. थोड्याच वर्षांत रोजच्या सायकलफेऱ्या दहापटीच्या आसपास वाढल्या. तिथल्या लोकांचा स्वभाव तोच होता आणि ऊनही तेवढेच होते. नवी होती ती फक्त वाट. तुटक तुकडे, मध्येच संपणाऱ्या पट्ट्या आणि त्यावर उभ्या केलेल्या गाड्या यांनी असा बदल होत नाही, हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

आपल्यापैकी ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला लक्षात ठेवावा. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे ती सांगते. रोज जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटे सायकल चालवली तर पाच दिवसांत १५० मिनिटे होतात. श्वास थोडा वाढावा, पण शेजाऱ्याशी बोलता यावे, एवढाच वेग पुरे. छातीत दुखणे, चक्कर किंवा चढावर विलक्षण धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. झटका येऊन गेलेल्यांनीही स्वतःच्या मनाने सायकल काढू नये. पण डॉक्टरांना विचारावे जरूर. सत्तर वर्षांपूर्वी विचारण्याचीही सोय नव्हती.

पॉल डडली व्हाइट ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी बॉस्टनमध्ये पक्षाघाताने वारले. वय ८७. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या कित्येक मोठ्या माणसांनी स्वतःसाठी घेतल्या होत्या. त्यांच्या निधनाच्या दोनच आठवडे आधी अरब देशांनी तेलाची कोंडी सुरू केली होती आणि मोटारींच्या देशाला पेट्रोलची चणचण भासू लागणार होती.

१९८६ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक चार्ल्स नदीच्या दोन्ही काठांवर आहे. बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयापासून वॉटरटाउनपर्यंत आणि परत, २५ किलोमीटरहून अधिक लांबीची ही सायकलवाट डॉ. पॉल डडली व्हाइट यांच्या नावाने ओळखली जाते. बॉस्टनच्या बाजूला एका हाताला स्टोरो ड्राइव्हवर मोटारी सुसाट धावतात, दुसऱ्या हाताला नदी आणि मधून ही वाट जाते. सकाळी तिच्यावरून विद्यार्थी, नोकरदार आणि पेन्शनर सायकलने जातात. यातल्या बहुतेकांना डॉक्टरांनी सायकलची चिठ्ठी लिहून दिलेली नसते. दारापासून वाट आहे, म्हणून ते निघालेले असतात.